बेघरांची जबाबदारी नेमकी कुणाची? कोल्हापूरपुरतं बोलूया

रंकाळवेस:
थंडी पडली की मध्यवर्ती बसस्थानक (सीबीएस), रेल्वे स्टेशन आणि अंबाबाईच्या देवळाभोवती ब्लँकेटवाटप सुरू होतं. वाटणाऱ्यांबद्दल आदर आहे. पण निवारा देणं हे पुण्यकर्म म्हणून सोडून द्यायचं काम नाही, ते महापालिकेचं कर्तव्य आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेत निकष लिहिलेला होता: लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची कायमची सोय, माणशी 50 चौरस फूट, बारा महिने चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे साडेपाचशे माणसं, साडेसत्तावीस हजार चौरस फूट. एवढी जागा देणगीतून उभी राहत नाही.

जमत नाही हेही पटत नाही. पंचगंगेच्या पुराला राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पाणी चढू लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात. कोण हलणार, कुठं जाणार हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून ते होतं. तेच बेघरांसाठी बारा महिने करा.

शाहूपुरीकर:
पुराचं उदाहरण इथं लागू होत नाही, भाऊ. पूरग्रस्ताला घर आहे, रेशनकार्ड आहे, पाणी उतरलं की तो परत जातो. बेघराला परत जायलाच जागा नाही, आणि खरं काम तिथून पुढं सुरू होतं.

निवाऱ्याला एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांना तीन काळजीवाहक लागतात. निवारा चालवणाऱ्या संस्थेचं बिल महापालिकेकडं चार महिने थकलं की आधी रात्रपाळीचा माणूस सोडून जातो. मग गेट दहाला बंद. मार्केट यार्डातला हमाल पहाटे चारला निघणार, हॉटेलात भांडी घासणारा रात्री बाराला सुटणार, दोघांनाही ती खाट निरुपयोगी. आत खाटा रिकाम्या, बाहेर फुटपाथ भरलेला, आणि अहवालात लिहिणार ‘लाभार्थी येत नाहीत’. सगळं महापालिकेच्या गळ्यात घातलं की हेच होतं.

शाहू महाराजांच्या काळात, 1901 पासून, विद्यार्थ्यांची बोर्डिंगं (वसतिगृहं) उभी राहिली तेव्हा दरबाराचा आधार होता, पण चालवणारी माणसं समाजातली होती. बोर्डिंगातल्या पोराची विचारपूस करणारं कुणीतरी होतं, म्हणून ती टिकली.

गंगावेस_तालीम:
ब्लँकेटाबद्दल एकच. सकाळी ते ठेवायचं कुठं? झाडलोट सुरू झाली की कचऱ्यात जातं, नाहीतर दवानं भिजून कुजतं. वाटणाऱ्यांनी त्याच पैशात दोन बाय दोन फुटांचे कुलूपबंद कप्पे करून द्यावेत. कागद, औषधं, कामाची हत्यारं, पांघरूण सगळं टिकेल. पुष्कळ जण निवाऱ्यात जात नाहीत ते सामान चोरीला जाईल या भीतीनं.

सीपीआर_चौक:
तुम्ही सगळेच धडधाकट कामकरी माणूस डोळ्यासमोर धरून बोलताय. मानसिक आजारानं भटकणाऱ्याची जबाबदारी कायद्यानं आधीच ठरलेली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100: पोलीस ठाण्याच्या हद्दीत असा माणूस दिसला तर प्रभारी अधिकाऱ्यानं त्याला संरक्षणात घ्यायचं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा.

अडतं कुठं, तर परतीच्या वाटेवर. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन पुन्हा त्याच बसस्थानकावर बसतो. गोळ्या भिजतात, हरवतात, डोस तुटतो, आजार उलटतो. निवाऱ्यात कुणीतरी रोज समोर उभं राहून गोळी दिली पाहिजे. हे काम पोलिसांचंही नाही आणि अन्नवाटप करणाऱ्यांचंही नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
घरच्यांना एवढं सहज सोडू नका. देवळाभोवती बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी किती जणांना मुलं आहेत, आधी ते विचारा. आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळतो, नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. आईबापाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सीपीआर_चौक:
अर्ज कोण लिहिणार, दादा? आणि पत्ता काय टाकणार? बहुतेक आजी मुलाचं नावच सांगत नाहीत. त्याच कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढायचं म्हटलंय, आणि ते काम शासनावर टाकलंय.

रंकाळवेस:
पत्त्याचं निघालंच आहे तर कुटुंबाचं सांगतो. नवरा पुरुषांच्या हॉलमध्ये आणि बायको-पोरं दुसरीकडं, अशी वाटणी झाली की कुटुंब फुटपाथच पसंत करतं. त्यांना पडदी घातलेली खोली आणि एक सामायिक चूल लागते.

तिथून भाड्याच्या खोलीत जायचं तर डिपॉझिट, पहिलं भाडं, नोंदणीकृत करार, आणि घरमालक आधार मागणार. पत्त्याशिवाय आधार अडतं. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र मात्र आधारसाठी चालतं. आधार झालं की बँक खातं, खातं झालं की तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज, पात्र ठरलं तर महिना 1,500. या साखळीची पहिली कडी मान्यता आहे, आणि नुसत्या सद्भावनेनं चालणाऱ्या खोलीला ती नसते. म्हणून म्हणतो, महापालिका हवीच.

शाहूपुरीकर:
मान्यतेचा मुद्दा मान्य. जागा, वीज, पाणी, मान्यता महापालिकेची. पण आधार केंद्रात त्या बाईसोबत दोन तास उभं राहणारी, बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणून पुन्हा घेऊन जाणारी कार्यकर्ती संस्थेचीच असणार. कचरा वेचणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात, पहिल्या खेपेला बरेचदा काम होत नाही. तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणून करारात दोन कलमं हवीत: तिमाहीचे पैसे आगाऊ, आणि बिल निव्वळ खाटांवर न काढता किती जणांचे कागद पूर्ण झाले, किती जण भाड्याच्या खोलीत टिकले यावरही. ही नसतील तर कुठल्याही संस्थेनं निवारा चालवायला घेऊ नये, असं मी आजही म्हणेन.

रंकाळवेस:
दुसऱ्या कलमाला माझा विरोध. कागद होण्यावर बिल लावलं की सोपी माणसं निवडली जातील आणि सीपीआर चौकातल्यांनी सांगितलेला रुग्ण पुन्हा बाहेर राहील. आगाऊ तिमाही मात्र हवीच.