मदत हवी आहे: धुरकट सिंगल माल्टमध्ये पाणी किती घालावे?

स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुरकट सिंगल माल्टची (एकाच डिस्टिलरीत मोड आलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची) चव नीट ओळखता यावी, यासाठी गेले काही महिने मी आर्डबेग १० ही तिथली एकच व्हिस्की ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासातून सावकाश चाखत आहे. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरावर बार्ली सुकवल्याने हा धुरकट वास येतो आणि फिनॉलचा (धुराचा वास देणाऱ्या रसायनांचा) पीपीएममधला, म्हणजे दहा लाखांत किती भाग हा, आकडा त्या बार्लीचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे, एवढे मला ठाऊक आहे. अडचण पाण्याची आहे. ४६ टक्के अल्कोहोलची ही व्हिस्की नुसती घेतली तर आयोडीन आणि डांबर यांपुढे दुसरे काही जाणवतच नाही. चमचाभर पाणी घातले की ती किंचित गढूळ होते (थंड करून गाळलेली नसल्याने ते साहजिकच आहे), लिंबाच्या सालीचा सुरेख गंध वर येतो, पण धूर फिका पडतो. रिकाम्या ग्लासाला सकाळी येणारा विझलेल्या चुलीचा वास मला सर्वांत प्रिय आहे, आणि तो धूर मला गमवायचा नाही. तर ३० मिलीला किती थेंब पाणी घालावे आणि त्यानंतर किती वेळ थांबावे? शिवाय आयलाचीच दुसरी धुरकट व्हिस्की लॅगावुलिन १६ हिच्यासोबत चाखायची झाल्यास आधी कोणती घ्यावी? माझ्या मते लॅगावुलिन आधी हवी. तरी जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे.