'राज्याचा अन्याय' लिहू की 'शासकीय अन्याय'?

गोदाकाठ: मंडळी, अडकलोय. लोकसेवकांच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीवरचं टिपण मराठीत करतोय. तिकडे २०२१ मध्ये न्यायाधीशांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, की कायदा शिकवताना नाझींचं आणि पूर्व जर्मनीतल्या हुकूमशाहीचं 'उनरेश्ट' (शब्दशः अन्याय, इथे राज्यानेच केलेला) पण शिकवायचं, म्हणजे उद्या खुर्चीत बसल्यावर हातून तेच व्हायला नको. आता 'उनरेश्ट'ला काय म्हणू? 'राज्याचा अन्याय' म्हटलं की लोकांना महाराष्ट्र राज्य आठवतं, 'शासकीय अन्याय' तर शासकीय विश्रामगृहासारखं वाटतं, जीआर काढून मंजूर केलेलं.

सातपूरकर: जीआर काढूनच तर होतं ते भाऊ! शासकीयच ठेवा.

मेरी कॉलनी: सरळ 'सरकारी जुलूम' लिहा ना, आजीलापण कळेल.

शुद्धमराठी: जुलूम अरबी आहे ताई. भगूर इथून हाकेवर, सावरकरांनी 'महापौर' दिला आणि आपण अजून जुलूमच करतोय.

मेरी कॉलनी: मग 'हुकूमशाही'तला हुकूम काय गोदावरीत सापडला का?

सातपूरकर: 'बेकायदा कारभार' कसं वाटतं?

जुना वकील: अजिबात नको. बेकायदा नव्हतंच हो ते, तीच तर गंमत आहे. आपल्याकडे मिसा हा खटल्याविना तुरुंगात डांबायचा १९७१ चा रीतसर कायदा, आणि १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध हायकोर्टातसुद्धा दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे पडले.

मेरी कॉलनी: आमचे मामा कधीच 'आणीबाणीत' म्हणायचे नाहीत, 'मी मिसात असताना' म्हणायचे, जसं कुणी 'मी मुंबईत असताना' म्हणतं. मामी मेथीचे लाडू घेऊन जायची तर दारावरचा शिपाई एकेक लाडू फोडून बघायचा, आत चिठ्ठी आहे का. वर म्हणायचा, वहिनी माझा नाइलाज आहे, वरून ऑर्डर आहे. मामांपर्यंत भुगाच पोचायचा म्हणा. तुमच्या जर्मन शब्दाला 'वरून ऑर्डर' चालेल का बघा.

गोदाकाठ: ताई, सुंदर आहे पण मथळ्यात कसं बसवू?

सातपूरकर: आधी 'लोकसेवक' काढा. तो शब्द पेपरात फक्त लाच घेताना सापडल्यावरच येतो.

जुना वकील: कायद्यातला शब्द आहे तो, काढता येणार नाही.

शुद्धमराठी: बाय द वे, 'आणीबाणी' मात्र अस्सल आपला. आणी म्हणजे चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात ती खीळ. ती निघाली की गाडी गेली.

मेरी कॉलनी: 'बाय द वे' अस्सल आपला का?

सातपूरकर: 😂 आणि बाणी कुठली?

शुद्धमराठी: बाणी बघतो. आजोबांच्या बैलगाडीची खीळ माळ्यावर आहे, उद्या फोटो टाकतो.

गोदाकाठ: टिपण उद्या द्यायचंय हो...

जुना वकील: आमच्याकडे सिन्नरला तिला कुणी म्हणायचे, आणी नाही.