मदत हवी आहे : आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांवर, तोपर्यंतचं दुखणं कसं सांभाळावं?

नमस्कार. आई ६८ वर्षांची, कराडला एकटी राहते. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं मलासुद्धा दिसलं. उजवा गुडघा आधी बदलायचा, डावा नंतर, असं पुण्यात ठरलंय. "वाजपेयींचेही एकेकच केले होते, डावा २००० साली आणि उजवा २००१ साली," असं सर्जन म्हणाले तेव्हा तिला जरा धीर आला. खर्चाचं जमलंय. इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे आणि मेडिक्लेमची थांबायची वर्षंही संपलीत. अडचण मधल्या दोन महिन्यांची आहे.

आम्हाला खरं तर आत्ताच करून टाकायचं होतं. पण महिन्यापूर्वी गावातल्या एका डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस ती सुखात होती, मंडईतसुद्धा चालत जाऊन आली. सर्जनना हे कळल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, इंजेक्शननंतर तीन महिने थांबायचं, नाहीतर नव्या सांध्यात जंतुसंसर्ग व्हायची भीती वाढते. ऑपरेशन करायचं आमच्या बोलण्यात आहे हे त्या डॉक्टरांना माहीत होतं, तरी हे त्यांनी सांगितलं नाही. मला याचा फार राग आला. कोणाच्या घरी ऑपरेशनचा विचार चालू असेल तर इंजेक्शन घेण्याआधी कृपया हे विचारून घ्या.

थांबायचंच आहे तर बाकीची तयारी चालू आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.९ टक्के होती, ती साडेसातपर्यंत आणायला सांगितलीय. एक किडकी दाढ काढून झाली, कारण तोंडातले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतात. रक्त पातळ करायची गोळी कधी बंद करायची ते हृदयाचे डॉक्टर सांगणार आहेत.

दुखण्याचं मात्र काही जमत नाहीये. आई दोन वर्षं मेडिकलमधून आणून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी घेत होती, रोज दोन. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीवर ताण, आणि ती गोळी बंद झाली. आता पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा आणि वरून चोळायला जेल. दिवस निघतो, रात्र निघत नाही. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. पहाटे चारला जाग आली तर ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही तळहातांनी गुडघा दाबून धरत होती. दिवा लावला नव्हता, मला जाग येईल म्हणून.

फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिलेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि पाच आकडे मोजायचे, पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा, घोटा वर-खाली करायचा. मांडीचा स्नायू आधीच दुबळा असेल तर ऑपरेशननंतर चालायला जड जातं. आईने दोन दिवस केले आणि सोडले. "आधीच दुखतंय, त्यात आणखी कशाला दुखवू?" एका गोष्टीचा उपयोग झाला. ती काठी दुखऱ्या बाजूलाच, उजव्या हातात, धरायची. ती डाव्या हातात दिली आणि तिचं लंगडणं कमी झालं.

दुखण्यापलीकडेही एक गोष्ट आहे. ती रोज अंघोळ करून पाटावर बसून पूजा करते. आता बसते कशीबशी, उठताना दाराची चौकट धरते. ऑपरेशननंतर मांडी घालून खाली बसू नका असं सांगितल्यापासून ती गप्प गप्प आहे. "देवासमोर खुर्चीवर बसू का मी?" एवढंच एकदा म्हणाली.

दुखत असताना व्यायाम कसा करून घ्यायचा? रात्रीसाठी काय करता? आणि नंतर तिला ठेवायचं कुठे? माझं पुण्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कराडचं घर तळमजल्यावर, पण संडास अंगणात आणि भारतीय पद्धतीचा. अनुभव असेल त्यांनी सांगा.

प्रतिसाद :
ताई, गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने व्यायाम करून घ्या, पलंगावरच. एकदम वीस नको, पाच-पाच करून तीन-चार वेळा. रात्री कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या. उताणं झोपताना मात्र गुडघ्याखाली उशी घ्यायची सवय लागू देऊ नका, गुडघा वाकलेलाच आखडतो. रात्रीची गोळी पुरत नसेल तर सर्जनना फोन करा, किडनी सांभाळून दुसरं काही देतील. मनाने जुनी गोळी सुरू करू नका.

प्रतिसाद :
सुरुवातीला पुण्यातच ठेवा. घरी सोडण्याआधी जिना शिकवतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तुमच्याकडे कमोडवर बसवायची उंच सीट आणि बाजूला धरायला दांडी आत्ताच बसवून घ्या, पायपुसणी उचलून ठेवा. पूजेचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंचंही हेच होतं. देव्हारा कमरेच्या उंचीला भिंतीवर घेतला. त्या म्हणाल्या, विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, मी अर्धा तास उभी राहीन. थकल्या की हात असलेल्या खुर्चीवर बसतात.

धागाकर्ती :
दोघींचे मनापासून आभार. विठोबाचं आईला फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पूर्वेच्या भिंतीवर घे. आणि सुताराला सांग, समई मावेल एवढी फळी रुंद ठेव." आज संध्याकाळी टॉवेल घेऊन बसली होती, पाच वेळा केलं म्हणाली.