झील, झेल आणि री ओढणे

मंगळवार पेठेतलं आमच्या ओळखीचं एक जोडपं स्वतःची गाणी करतं. शब्द वहिनींचे, चाल दोघांनी मिळून बांधलेली, ठेका हलगी-घुमक्याचा. विषय मात्र आजचे : पंचगंगेला पाणी चढलं की माळ्यावर चढवायचा फ्रीज, रात्रीच्या एसटीची वाट बघणारी नर्स, असले. गेल्या महिन्यात त्यांच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहून दिला : 'गायन – सौ., झील – श्री.' (झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागून उचलून धरलेला सूर.) छापून आलं, 'झेल – श्री.' क्रिकेटमधला! फोन केला तर तिकडून, "झील म्हंजे तळं की ओ. मला वाटलं तुमचं लिवायला चुकलं." हिंदीनं आमची झील रंकाळ्यात बुडवली, दुसरं काय.

फ्लेक्स दुरुस्त झाला, पण खरी कटकट पुढंच. दादांचे चुलते दारातच म्हणाले, "बायकोची झील वडतोय म्हणून बोर्ड कशाला लावलाईस गावात?" सगळे हसले, दादाही हसले. वहिनी मात्र म्हणाल्या, भावजी, दुसरा शब्द बघा. आता 'साथ' लिहावं तर हलगीवालाही साथच करतो. 'सहगायन' म्हटलं की शाळेतली प्रार्थना आठवते. काय लिहू?

प्रतिसाद
शब्द अजिबात बदलू नका. चुलत्यांच्या डोक्यात झील नाही, 'री ओढणे' आहे. री ओढणारा म्हणजे साहेब म्हणेल त्याला मान डोलावणारा. तो अर्थ आता झिलीलाही चिकटलाय, पण फडात उभं राहून बघा. शाहीर डफ घेऊन पुढं, मागं तुणतुणं आणि झांज घेतलेले दोघं-तिघं. शाहिराच्या ओळीचं शेवटचं अक्षर पुरतं संपायच्या आत ते उचलतात, 'जी जी रं जी'. तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, पुढची ओळ जुळवतो, लोकांच्या तोंडाकडं बघतो. झीलकरी कच्चा असला तर शाहिराला चौथ्या कडव्यालाच धाप लागते. आमच्या आजोबांच्या फडात चहा आधी झीलकऱ्यांना जायचा.

प्रतिसाद
तमाशात हेच काम करणारा तो सुरत्या ना?

प्रतिसाद
हो, तुणतुणं घेऊन मागं उभा राहून वरच्या सुरात ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलतो तो. पण इथं तो शब्द नको, लगेच तमाशाच डोळ्यांपुढं येतो. धनगरी ओवीतही एक सांगतो आणि बाकीचे मागं म्हणतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत ऐका कधी. तिथं ते ओळच्या ओळ परत म्हणतात. पोवाड्याच्या झिलीत बऱ्याचदा शब्दही नसतो, नुसता सूर तोलून धरायचा. माझ्या मते फरक आहे तो इथंच.

धागाकर्ता
हे वाचून काल मुद्दाम तालमीला जाऊन बसलो. एक गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. वहिनींची पट्टी काळी चार, दादांचा गळा काळी एकचा, म्हणजे पेटीवर बराच खालचा. पुरुषांच्या फडात सगळे एकाच पट्टीत चढवून गातात. इथं दादांनी वहिनींच्या बरोबरीनं वर जायचं म्हटलं की गाणं जाऊन आरडाओरडा उरतो. एक सप्तक खाली घेतलं तर झील 'पडते', गाण्याखाली सतरंजी अंथरल्यासारखी. मग त्यांनी तोडगा काढला : कडवं चालू असताना दादा खाली, आणि ध्रुपदाला फक्त शेवटचा 'जी' वरचा, तोही आखूड. तो एक 'जी' जमवायला पाऊण तास गेला. वहिनी प्रत्येक वेळी हात वर करून थांबवायच्या. "अहो, तुम्ही माझ्या मागनं येताय. माझा श्वास संपायच्या आधी या." दादा म्हणाले, "आधी आलो तर म्हणतीस मधी तोंड घालतोय."

मला वाटतं, री ओढणाऱ्याला हे जमायचं नाही. तो कायम मागूनच येणार.

प्रतिसाद
नाद खुळा! दादांचं ते वाक्य घेऊन एक गाणं होऊ द्या की भावा.

प्रतिसाद
जरा वेगळं विचारतो. फ्लेक्सवर 'नवी लोकगीते' असंही आहे. लोकगीताला कर्ता नसतो ना? इथं तर दोघांची नावं आहेत.

धागाकर्ता
मान्य. 'लोकसंगीताच्या बाजाची नवी गाणी' हे बरोबर, पण फ्लेक्सवर ते एका ओळीत बसत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, तिथं भांडू.

झील ठेवायचं ठरलंय. चुलत्यांना मी समजावणार नाही, ते दादांनी बघावं. आता पुढचा पेच. नव्या कार्यक्रमात एक गाणं दादा म्हणणार आणि झील वहिनींची. शेतकरीण, वारकरीण चालतं, तसं 'झीलकरीण' चालेल का? की सरळ 'झील – सौ.' लिहू? शनिवारपर्यंत मजकूर द्यायचाय, आणि या वेळी प्रूफ मी स्वतः जाऊन बघणार आहे.