घरगुती वंगणाच्या फवाऱ्याने इंजिनाचे तेलकट भाग स्वच्छ करावेत का?

चारचाकी:

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने बरेच दिवस तेल झिरपत होते. गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यातून गळती होऊ न देणारी पट्टी) बदलण्याच्या निमित्ताने मी ते कव्हर, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) आणि अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राचा, बिडाचा ब्रॅकेट असे तिन्ही भाग उतरवून ठेवले आहेत. कव्हर आणि मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचे आहेत. तिन्हींवर तेल आणि धूळ यांचा काळा, घट्ट थर बसला असून बोल्टांच्या बैठकींभोवतीच्या खाचांमध्ये तो सर्वांत जाड आहे.

बिजागऱ्यांची कुरकुर थांबवायला आणि गंजलेले स्क्रू सैल करायला घरोघरी वापरला जातो तो वंगणाचा फवारा मी कव्हरच्या एका कोपऱ्यावर मारून पाहिला. थोड्या वेळात थर मऊ झाला आणि तपकिरी ओघळ वाहू लागले. फडक्याने पुसल्यावर खालचा धातू दिसला खरा, पण हाताला तो भाग अजूनही तेलकट लागतो. हाच फवारा वापरून सगळे भाग स्वच्छ करणे योग्य आहे का, आणि जो तेलकटपणा मागे राहतो त्याचा नव्या गॅस्केटला त्रास होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हात लागलाच आहे तर इंजिनाच्या आसपासचे न उतरवलेले भागही याच फवाऱ्याने जागच्या जागी पुसून घ्यावेत, असाही विचार आहे.

रसायनी:

तुम्हाला जे दिसले ते या फवाऱ्याच्या घडणीला धरूनच आहे. अशा बहुतेक डब्यांमध्ये पेट्रोलियमपासून काढलेला पातळ द्रावक आणि त्यात मिसळलेले हलके तेल असते. ग्रीस आणि इंजिन ऑइल हेही पेट्रोलियमच्याच कुळातले असल्यामुळे द्रावक त्यांना सहज विरघळवतो आणि थर मऊ पडतो. पुढे द्रावक उडून जातो, हलके तेल मात्र तिथेच राहते, कारण ते राहावे म्हणूनच घातलेले असते. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध फवारा म्हणजे डब्ल्यूडी-४०. तो १९५३ साली अमेरिकेत तयार झाला, तो धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. अॅटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाच्या संरक्षणासाठी तो सुरुवातीला वापरला गेला. ज्याचे कामच धातूवर संरक्षक थर सोडणे हे आहे, त्याच्याकडून धातू कोरडा करून मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे, की थर सैल करण्यासाठी हा फवारा चालेल, पण त्यावर सफाई संपली असे समजू नये. जिथे गॅस्केट बसते, जिथे घर्षण हवे असते किंवा जिथून वीज वाहते, तिथे तर तो शेवटचा हात कधीच असू नये. बाहेरच्या अंगावरही तेलाचा पापुद्रा तसाच ठेवला, तर नवी धूळ त्याला चिकटते आणि थर पुन्हा जमू लागतो.

जुनी_गाडी:

एवढ्या खटाटोपाची गरज नाही. एका परातीत पेट्रोल घ्यावे, भाग बुडवून ठेवावेत आणि ब्रशने घासावेत. पेट्रोल पूर्ण उडून जाते, मागे तेल राहत नाही आणि फवाऱ्याचा खर्चही वाचतो.

यंत्रसखा:

पेट्रोलचा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. पेट्रोल ग्रीस उत्तम काढते यात शंका नाही, पण त्याचा ज्वलनबिंदू शून्याखाली साधारण ४० अंश सेल्सिअस इतका आहे, म्हणजे कोणत्याही सामान्य तापमानाला उघड्या भांड्यातून पेट घेण्याइतकी वाफ सतत निघत असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूर कुठे गॅसची ज्योत, हीटर किंवा बटणाची ठिणगी असेल तिथपर्यंत पोहोचू शकते. बंद गॅरेजमध्ये उघडे पेट्रोल घेऊन बसणे हा जिवाशी खेळ आहे. रॉकेलचा ज्वलनबिंदू ३८ अंशांच्या वर असतो, त्यामुळे ते तुलनेने बरे. मात्र रॉकेलाने भिजलेले फडके किंवा त्याचा बारीक फवारा चटकन पेटतो, हे विसरू नये.

आता कामाबद्दल. द्रव हाती घेण्याआधी थर कोरडाच खरवडून काढावा, कारण जो मळ खरवडून निघतो तो विरघळवण्यात द्रावक आणि वेळ दोन्ही वाया जातात. अॅल्युमिनियमवर लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी वापरावी. लोखंडी पात्याचा एक ओरखडा गॅस्केटच्या बैठकीवर उमटला, तर तेल पुन्हा तिथूनच झिरपेल. त्यानंतर खाचांमध्ये तुमचा फवारा मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि नायलॉनच्या ब्रशने घासावे. मोठ्या पृष्ठभागांसाठी मात्र फवाऱ्याचे डबे रिकामे करण्याऐवजी पाण्यात मिसळणारा इंजिन डीग्रीझर (तेल-ग्रीस काढणारा द्रव) घ्यावा. शेवटी गरम पाणी आणि भांडी घासण्याचा द्रव साबण यांनी भाग धुवून काढावेत. फवाऱ्याने सोडलेले हलके तेल याच टप्प्यावर निघते.

डीग्रीझर निवडताना डब्यावर अॅल्युमिनियमसाठी चालतो असे लिहिलेले आहे ना, हे आवर्जून पाहावे. कॉस्टिक सोडा असलेले जहाल क्लीनर बिडावर चालून जातात, पण अॅल्युमिनियमला ते खातात: पृष्ठभाग काळा पडतो, त्यावर खड्डे पडतात आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो.

सफाई पूर्ण झाली की नाही, हे बोटाने कळत नाही. धुतलेल्या भागावर स्वच्छ पाणी ओतून भाग तिरपा धरावा. पाणी अखंड पातळ पडद्यासारखे पसरले तर धातू स्वच्छ आहे. त्याचे थेंब होऊन वेगळे झाले तर तेल अजून शिल्लक आहे. ही चाचणी रंगकाम आणि मुलामा देणारे लोक नेहमी करतात, आणि गॅस्केटच्या बैठकीसाठीही ती तितकीच उपयोगी पडते.

बिडाच्या ब्रॅकेटची वेगळी काळजी घ्यावी लागेल. उघडे बीड ओले राहिले तर थोड्याच वेळात त्यावर लाल गंज धरू लागतो, म्हणून धुतल्याबरोबर ते हवेच्या झोताने वाळवावे आणि मग तुमच्या त्याच फवाऱ्याचा हलका हात त्यावर द्यावा. उरलेले पाणी हटवणे हेच त्याचे मूळ काम असल्याने इथे तो खऱ्या अर्थाने उपयोगी आहे.

रसायनी:

न उतरवलेल्या भागांचा प्रश्न राहून गेला होता. तिथे आंधळेपणाने फवारा मारू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रेडिएटरचे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात; ते गरम पाणी आणि कूलंट उत्तम सोसतात, पण पेट्रोलियम तेल त्यांच्यात शोषले जाते. असा पाइप दाबून पाहिला तर तेल लागलेली जागा फुगीर आणि भुसभुशीत लागते, तर शेजारचा कोरडा भाग पूर्वीसारखाच घट्ट असतो. ब्रेकच्या आतले रबरही अनेकदा याच जातीचे असते, म्हणून ब्रेकच्या कोणत्याही भागाजवळ हा फवारा नेऊ नये. ब्रेक पॅडवर तेल गेले तर घर्षण कमी होऊन गाडी थांबण्यावरच परिणाम होतो.

इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर (बेल्टवर) तेल पडले की तो घसरू लागतो. अल्टरनेटरच्या आत ते गेले तर कार्बन ब्रशांची धूळ त्यात कालवली जाते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची तार किंवा पातळ पापुद्रा चालू असताना तापलेला असतो, त्यावर तेल भाजून बसले की मोजमाप चुकू लागते. त्याच्यासाठी वेगळा, मागे काहीही न सोडणारा क्लीनर मिळतो. इंजिन गरम असताना तर कोणताही ज्वलनशील फवारा मारूच नये. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी आणि फवारा थेट भागावर न मारता फडक्यावर घेऊन पुसावे.

चारचाकी:

सर्वांचे मनापासून आभार. पेट्रोलचा विचार सोडला आहे. दोन शंका उरल्या. मॅनिफोल्डच्या आतल्या वाटांमध्ये कडक काळा थर आहे आणि त्यावर फवाऱ्याचा काहीच परिणाम दिसत नाही. दुसरे म्हणजे, काढलेले बोल्ट मी त्याच फवाऱ्याने स्वच्छ केले आहेत. ते तसेच लावले तर चालेल का?

आटेपाना:

आतला थर ग्रीसचा नाही, तेलाची वाफ आणि धूर यांची भाजून कडक झालेली काजळी आहे. हलका द्रावक तिला विरघळवू शकत नाही. काजळीसाठी बनवलेल्या क्लीनरमध्ये भाग बराच वेळ भिजवून ठेवावा आणि नायलॉनच्या ब्रशने थर हळूहळू सोडवावा. पॉलिश करण्याच्या खरखरीत चकत्या ड्रिलला लावून काजळी काढण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. त्या चकत्यांमधून अॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण सुटतात, आणि ते इंजिनात गेले तर बेअरिंग खरवडून निघतात. मॅनिफोल्डला जोडलेले रबरी आणि प्लास्टिकचे भाग भिजवण्याआधी काढून ठेवावेत.

बोल्टांच्या प्रश्नाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, म्हणून तुम्ही विचारले हे फार चांगले झाले. टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर आकड्यात दाखवणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो; बोल्टला ताणून भाग घट्ट धरण्यासाठी जेमतेम १० टक्के उरतो. आट्यांना तेल लागून घर्षण थोडे जरी कमी झाले, तरी पान्यावर तोच आकडा दिसत असताना बोल्टवरचा ताण प्रत्यक्षात बराच वाढलेला असतो. टॅपेट कव्हरच्या बारीक बोल्टांचे आटे अॅल्युमिनियममध्ये बसतात आणि ते अशा वेळी उपटून निघतात. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत आटे कोरडे ठेवायला सांगितले असेल, तर बोल्ट आणि भोके दोन्ही ब्रेक क्लीनरने (तेल काढून स्वतः उडून जाणाऱ्या द्रावकाने) कोरडी करावीत; तेल लावायला सांगितले असेल, तर तिथे सांगितलेलेच तेल लावावे.

ज्या भोकांना तळ आहे, त्यांच्यात साचलेला फवाऱ्याचा द्रव हवेने किंवा पिळलेल्या कागदाने काढून टाकावा. द्रव दाबला जात नसल्यामुळे बोल्ट खाली उतरताना तो भोकाच्या भिंतींवर जोर देतो, आणि त्या जोराने आजूबाजूचे ओतकामसुद्धा तडकू शकते.

गॅस्केट बसवण्याच्या अगदी आधी दोन्ही बैठकी क्लोरीन नसलेल्या ब्रेक क्लीनरने, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घेऊन, पुसाव्यात आणि त्यानंतर त्यांना बोट लावू नये. कोपऱ्यांत सिलिकॉन सीलंटचा ठिपका द्यायचा असेल, तर हे अधिकच जरुरीचे आहे, कारण तेलकट धातूवर सीलंट वरवर चिकटल्यासारखे दिसते, पण धरत नाही. रबरी गॅस्केटवर मात्र ब्रेक क्लीनर किंवा तुमचा फवारा यांपैकी काहीही मारू नये. ते कोरड्या फडक्याने पुसून बसवावे.

काम करताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवा. धुतलेले काळे पाणी गटारात न ओतता डब्यात साठवा आणि वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत गोळा करणाऱ्यांकडे द्या. भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवा.