दिवाळी अंकांवरच्या बायका कामं कधी करतात?

रेघोटी
माळ्यावरची ट्रंक उपसताना आईने जपलेले पन्नास-साठच्या दशकातले दिवाळी अंक निघाले. चित्रकार दलालांची मुखपृष्ठं, मुळगावकरांची मुखपृष्ठं. सतरंजीवर मांडली आणि चेहरे सोडून नुसते हात बघत गेले. निरांजन धरलेले, फूल हुंगणारे, पदर सावरणारे. एकाही बोटाचं पेर दिसत नाही. तळहाताला घट्टा नाही. बांगडी कशी अगदी सुळसुळीत मनगटावर! माझ्या आईची बांगडी साबण लावल्याशिवाय उतरत नसे.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर दोघंही मूळचे गोव्याचे, दोघांच्या हातात जादू होती, त्याबद्दल वाद नाही. पण दोन पिढ्यांच्या मराठी बाईला त्यांनी एकाच साच्यातून काढलं असं माझं मत आहे. तेच डोळे, तीच कंबर. शेजारच्या काकू त्यात कुठेच नाहीत.

खिळेजुळारी
ताई, मुखपृष्ठ म्हणजे शेजारच्या काकूंचा पासपोर्ट फोटो नव्हे. माझे वडील गिरगावात ब्लॉकमेकरकडे, म्हणजे चित्रांचे छपाईचे ठसे बनवणाऱ्याकडे, कामाला होते, म्हणून बोलतो. दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. तो खपला तर घर चालणार. स्टॉलवर दोरीला टांगलेल्या अंकांसमोरून गिऱ्हाईक चालत जायचं, नजर पडली तर पडली. त्यात हाफटोनचे, म्हणजे बारीक ठिपक्यांचे, रंगीत ब्लॉक, दर रंगाला वेगळा, एक केसभर सरकला की बाईला दोन-दोन ओठ! बारीक सुरकुत्या कोण छापणार? मुळगावकरांनी स्प्रेने कातडीवर जो मऊपणा आणला तो छपाईतही टिकायचा. तुम्ही त्याला साचा म्हणता, आम्ही कसब म्हणायचो.

आणि चवळीची शेंग, चाफेकळी नाक, डाळिंबाचे दाणे हे चित्रकारांनी नाही हो आणलं. ते आपल्या तोंडात आधीपासून होतं. त्यांनी फक्त रंगवलं.

आजोळ
हातांचाच विषय आहे तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हळदणकरांचं चित्र आठवा. हातात दिवा घेतलेली बाई. निम्मे लोक ते रविवर्म्याचं समजतात आणि तेलरंगातलं समजतात, दोन्ही चूक. सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं काम आहे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी होती. ज्योतीआड धरलेल्या बोटांमधून उजेड लालसर झिरपतो ना, ती जागा बघा. सुंदर बाई काढली म्हणजे खोटी बाई काढली, हे समीकरण मला पटत नाही.

रेघोटी
@आजोळ, ते चित्र माझ्याच बाजूने बोलतंय! तो हात जिवंत आहे कारण समोर कोणीतरी हात अवघडेपर्यंत उभी होती. माझी तक्रार सौंदर्याबद्दल नाहीच. न बघता काढलेल्या सौंदर्याबद्दल आहे.

बोरूबहाद्दर
मग चित्रकार एम. व्ही. धुरंधर घ्या. १९२० साली रॉथफिल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी जी चित्रं केली त्यात प्रत्येकीचं नेसणं वेगळं, उभं राहणं वेगळं. कासोटा कुठे खोचलाय ते कळतं. याला म्हणतात बघणं.

तिखटमीठ
बघणं कसलं, नमुने गोळा करणं ते! साहेबासाठी ही अमक्या जातीची, ही तमक्या जातीची. संग्रहालयात पक्षी भुसा भरून ठेवतात तसं. नेसण तंतोतंत, पण बाईच्या मनात काय चाललंय ते विचारू नका. त्यापेक्षा मुळगावकरांची बाई निदान स्वतःशी हसते तरी.

बघायचंच तर चित्रकार अमृता शेरगिलच्या १९३५ च्या 'तीन मुली' बघा. हात मांडीवर नुसते पडलेत. कोणाला दाखवायला नाही, काही धरायला नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीने त्याच चित्राला सुवर्णपदक दिलं होतं, १९३७ मध्ये. म्हणजे मुंबईत असं चित्र ओळखणारी माणसं तेव्हाही होती.

खिळेजुळारी
होती, पण दिवाळी अंक विकत घेणारी ती नव्हती. तीन उदास मुली दोरीला टांगून बघा, किती खपतात ते.

आणि बाई चित्रकार झाली की साचा सुटतो असंही नाही. आमच्या नागपूरकडच्या बी. प्रभा. त्यांच्या कोळिणी आठवा. लांब मान, लांब बोटं, झुकलेले डोळे. एअर इंडियाने ती चित्रं उचलून धरली. आता सांगा, एवढ्या सडपातळ कोळिणी ससून डॉकवर तुम्हाला कधी दिसल्या? मासळीची पाटी डोक्यावर घेणारीची मान कशी असते ते जाऊन बघा.

तिखटमीठ
हा मुद्दा लागला. गप्प बसते. (पाच मिनिटं.)

पाटीपेन्सिल
मी उपयोजित कला शिकलो. आमच्या लाइफ क्लासला, म्हणजे माणूस समोर बसवून चित्र काढायच्या तासाला, एक बाई यायच्या, वय पन्नाशीचं, आधी घरकाम करायच्या. वीस मिनिटं बसणं, मग पाच मिनिटं पाय मोकळे करणं. पहिल्याच दिवशी आम्ही दहापैकी आठ जणांनी त्यांचं पोट कागदावर आत घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. सर फिरत आले आणि एवढंच म्हणाले, "त्या बसल्यात, तुम्ही उभी का काढताय?" बसल्यावर पोटाला घडी पडते हे आमच्या डोळ्यांना दिसत होतं, हाताला मान्य नव्हतं. त्यामुळे दलालांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. साचा आमच्या मनगटात आधीच बसलेला होता.

आजोळ
एक राहिलंच. रेघोटीताई, ते अंक तुमच्या *आईने* जपले ना? का जपले? आमची आजी मुखपृष्ठ घेऊन थेट सोनाराकडे जायची, "अश्शाच कुड्या पाहिजेत." रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला बायका घरी बसून खरी जर आणि टिकल्या चिकटवायच्या. हे सगळं पुरुषांनी लादलं आणि बायकांनी निमूट सोसलं, एवढं सरळ नाहीये ते.

रेघोटी
हो, यावर माझ्याकडे उत्तर नाही. एका अंकाचं मुखपृष्ठच गायब आहे, कात्रीने नीट कापलेलं. ते आमच्या देवघराशेजारी फ्रेममध्ये होतं, मला आता आठवलं. लहानपणी मी ते आईच्या तरुणपणीचं चित्र समजायचे.

पण काल तोच अंक आतून चाळला. एका कथेला शाईतलं छोटंसं रेखाचित्र आहे. बाई उकिडवी बसून तांदूळ निवडतेय. सूप गुडघ्याला टेकलेलं, अंगठ्याने खडा कडेला ढकललाय, कोपर जाडजूड. मुखपृष्ठावरची बाई कामाला बसली तर अशीच दिसेल. चित्रकाराची सही कोपऱ्यात असणार, तेवढाच कोपरा वाळवीने खाल्लाय.

खिळेजुळारी
रेघ जाड-बारीक होत जाते की एकसारखी आहे? स्कॅन टाका, बघून सांगतो.