जुन्या एस्टीमसाठी चाकांच्या रिम: स्विफ्टची अलॉय बसतील का?

सातारा_एस्टीम (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २००३ सालची मारुती एस्टीम आहे. गेल्या पावसाळ्यात एका खड्ड्यात डाव्या बाजूच्या दोन्ही लोखंडी डिस्क (म्हणजे चाकांच्या रिम) वाकल्या. एकदा ठोकून सरळ करून घेतल्या, पण पुढच्या चाकातली हवा दर चार दिवसांनी पाच-सहा पौंड उतरते आणि ताशी ७० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. या डिस्कवर आता पुन्हा हातोडा मारू नका, असे बॅलन्सिंगवाल्यानेच सांगितले आहे.

जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराकडे स्विफ्टच्या १५ इंची अलॉय रिमचा संच १८५/६५ आर १५ मापाच्या टायरांसह मिळतो आहे. दोन्ही गाड्यांना चारच नट असतात, ‘मारुतीचे मारुतीला बसणारच, आणि नाहीच बसले तर लेथवर भोके पाडून देतो,’ असे त्याचे म्हणणे आहे. माझ्या गाडीवर सध्या १७५/७० आर १३ टायर आहेत. गाडी महिन्यातून दोन-तीनदा घाटातून जाते. हा संच घ्यावा का, आणि घेऊ नये तर नेमके काय मागावे?

व्हर्निअर

घेऊ नये. नटांची संख्या सारखी असली तरी ते नट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, दोन्ही गाड्यांत वेगळा आहे. एस्टीमचा ११४.३ मिलीमीटर, म्हणजे नेमका साडेचार इंच, आणि स्विफ्टचा १०० मिलीमीटर. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः मोजा. चार भोकांच्या डिस्कवर हे सोपे आहे, कारण भोके समोरासमोर असतात. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत पट्टी धरली की केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर मिळते.

लेथवर भोके पाडण्याचा प्रस्ताव ऐकून मात्र अंगावर काटा आला. व्यासात १४.३ मिलीमीटरचा फरक म्हणजे प्रत्येक भोक जेमतेम सात मिलीमीटर बाहेर सरकवायचे. १२ मिलीमीटरच्या स्टडसाठी (ज्यावर नट आवळतात त्या बोल्टसाठी) पाडलेले नवे भोक जुन्याला चिकटूनच येणार आणि दोन्ही मिळून भोपळ्याच्या आकाराची फट तयार होणार, जिच्यात नटाला बसायला गोल बैठकच उरत नाही. दोन भोकांच्या मधोमध नवी भोके घ्यावीत, तर ओतीव अलॉयमध्ये धातूची जाडी मूळ भोकांभोवती दिलेली असते आणि मधला भाग मागून पोकळ असतो. अ‍ॅडॅप्टरची चकती लावूनही काम भागते असे सांगणारे भेटतील, पण ती दीड-दोन सेंटीमीटर जाडीची असते आणि चाक तेवढेच बाहेर ढकलते. तो भार बेअरिंगवर येतो आणि ज्यांवर लक्ष ठेवायचे त्या नटांची संख्या दुप्पट होते.

घाटवाट

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात व्यासाचा मुद्दा जोडतो. आपल्या १७५/७० आर १३ टायरची उंची सुमारे ५७५ मिलीमीटर भरते (१७५ चे ७० टक्के, त्याची दुप्पट, अधिक १३ इंच). १८५/६५ आर १५ ची उंची ६२१ च्या पुढे जाते, म्हणजे आठ टक्के जास्त. नट जुळले असते तरी चाकाची त्रिज्या २३ मिलीमीटरने वाढली असती, मागे तीन माणसे बसल्यावर टायर मडगार्डला घासला असता आणि काटा १०० दाखवत असताना गाडी १०८ ने धावली असती. शिवाय उंच चाकामुळे गिअर लांबल्यासारखा होतो. खंबाटकी घाट चढताना ते लगेच जाणवते.

माझे मत विचाराल तर १३ इंचावरच राहा आणि त्याच मापाच्या चांगल्या लोखंडी डिस्क शोधा. खड्ड्यात लोखंड वाकते, हलके अलॉय तडकू शकते. अलॉयच हवी असतील तर ११४.३ पीसीडीची १४ इंची रिम आणि १८५/६० आर १४ टायर हा मेळ बसतो. त्याची उंची ५७८ च्या आसपास, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. टायरच्या बाजूवर मापापुढे येणारा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो.

सातारा_एस्टीम

दोघांचेही आभार. काल डिस्क काढून मोजली, ११४ च्या किंचित पुढे भरले. दुकानदाराला फोनवर १०० विरुद्ध ११४.३ सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘तेवढ्याने काय होते!’ आता दुसऱ्याकडे ११४.३ ची १४ इंची अलॉय पाहिली आहेत. त्यांच्या मागे ‘ईटी ३५’ असे कोरले आहे आणि मधले भोक ७३ मिलीमीटरचे आहे. हे चालेल का?

व्हर्निअर

ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारा पृष्ठभाग किती मिलीमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते माप. तुमची जुनी न वाकलेली डिस्क पालथी ठेवा, वरच्या कडांवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंतची खोली मोजा. त्या खोलीतून डिस्कच्या एकूण रुंदीचे अर्धे वजा करा. समजा खोली ११६ आणि रुंदी १५२ आली, तर ११६ वजा ७६, म्हणजे ४०. नव्या रिमचा आकडा यापेक्षा कमी असेल तर चाक तेवढे बाहेर येते. पाच मिलीमीटरचा फरक सहसा खपतो, मात्र रिम जास्त रुंद असल्यास बाहेरची कड आणखी पुढे येते, हे हिशोबात धरा.

मधले भोक बाजारातल्या अलॉयमध्ये मुद्दाम मोठे ठेवतात, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येते. हबचा पुढे आलेला गोल भाग व्हर्निअरने मोजा आणि आतून तेवढी, बाहेरून ७३ ची हब रिंग घ्या. ही स्वस्त कडी न लावल्यामुळे बॅलन्सिंगवर वर्षभर पैसे घालणारी माणसे मी पाहिली आहेत. पैसे देण्यापूर्वी एक रिम पुढे लावून हाताने पूर्ण फिरवा, आतल्या बाजूने ब्रेकच्या कॅलिपरला कुठे लागत नाही ना ते पाहा आणि मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा.

घाटवाट

नटांचे राहिले. एस्टीमच्या स्टडचे आटे १२ × १.२५ आहेत (जाडी १२ मिलीमीटर, दोन आट्यांतले अंतर १.२५), १.५ आट्यांचा नट पहिले दोन फेरे गोड फिरतो आणि मग पाना लावला की स्टड खातो. नट हातानेच नऊ-दहा फेरे आत गेला पाहिजे. नटाचे टोक आणि रिममधली बैठक दोन्ही शंकूच्या आकाराची हवीत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

स्टेपनी मात्र १३ इंची लोखंडीच ठेवलीत तर पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला हरकत नाही, उंचीचा फरक नगण्य आहे. फक्त जुने चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा, कारण अलॉयचे नट लोखंडी डिस्कवर नीट बसतीलच असे नाही, आणि ते रात्री घाटात कळून उपयोग नाही.